बर्फ कमी असताना गुलमर्गचा गोंडोला: बॅककंट्री स्कीयरसाठी परीक्षण

गुलमर्गच्या गोंडोलाबद्दल, म्हणजे तिथल्या केबल कारबद्दल, मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण ते बहुतेक पर्यटकासाठी असतं: तिकीट कसं काढायचं, वर थंडी किती, बूट भाड्याने घ्यावेत की नाही. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. त्याला गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर, आखलेल्या मार्गांच्या बाहेर (यालाच बॅककंट्री म्हणतात), स्वतःच्या जबाबदारीवर स्की करायची आहे. रजा आणि विमान आधीच पक्कं झालं आहे. आणि फोटोंमध्ये मात्र गवत दिसतंय.

अशी वर्षं आता अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ आला तो महिनाअखेरीस. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ ते २५ फेब्रुवारीला ठरला होता. बर्फच नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चला पार पडला. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. ते आले नाहीत किंवा क्षीण होऊन आले, की गुलमर्गला पर्याय उरत नाही.

मत आधीच सांगून टाकतो. कमी बर्फातही गोंडोलाचे पैसे वसूल होतात, मात्र त्याच्याकडून वेगळं काम करून घ्यावं लागतं. भरल्या वर्षी माणूस त्यातून वर जातो आणि स्कीवर थेट गुलमर्गपर्यंत, जंगलातून खालच्या बाबारेशी किंवा टंगमर्ग या गावांपर्यंत उतरतो. कोरड्या वर्षी गोंडोला बर्फाच्या रेषेपर्यंत न्यायला आणि तिथून परत आणायला वापरायचा. मधलं स्कीइंग वरच्या उतारांपुरतं ठेवायचं आणि चढाई स्वतःच्या पायांनी, स्किन्स (स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागे न घसरू देणाऱ्या केसाळ पट्ट्या) लावून करायची. हा हिशेब ज्याला पटत नाही त्याने पहिल्या दुपारी स्कीचा तळ दगडावर फाडून घेण्यापेक्षा तारीख बदलावी.

गोंडोला दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला: गुलमर्ग (सुमारे २,६५० मीटर) ते कोंगदूरी (सुमारे ३,०८० मीटर). दुसरा २००५ मध्ये: कोंगदूरी ते अफरवटच्या धारेजवळचं स्थानक, सुमारे ३,९५० मीटर. पाळणे सहा जणांचे आहेत, यंत्रणा पोमा या फ्रेंच कंपनीची आणि कारभार जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनकडे. कमी बर्फात सगळा फरक या उंचीनेच पडतो. पहिल्या टप्प्यात जेमतेम सव्वाचारशे मीटर चढाई होते आणि दुर्भिक्ष्याच्या वर्षी कोंगदूरीलाही गवत दिसू शकतं. दुसरा टप्पा एका दमात जवळपास ८७० मीटर वर नेतो. खाली रिमझिम पावसाचा दिवस असेल तेव्हा वर बर्फ पडत असतो, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून अशा वर्षी फक्त पहिल्या टप्प्याचं तिकीट काढणं बॅककंट्रीवाल्यासाठी वाया आहे. दुसरा टप्पा बंद असेल, तर पहिल्याने कोंगदूरीला जाऊन तिथून स्किन्सवर चढायचं. तासाला तीनशे मीटर हा धडधाकट माणसाचा वेग धरला तर धारेपर्यंत तीन तास लागतात.

दुसरा टप्पा बंद राहण्याची दोन मोठी कारणं: वारा आणि हिमस्खलनाचा धोका. वाऱ्यासाठी बंद केला तर खिडकीवर हुज्जत घालू नये. २५ जून २०१७ रोजी जोरदार वाऱ्यात झाड कोसळून केबलला धक्का बसला आणि पाळणा खाली पडून सात जणांचा जीव गेला. हा पाळणा पहिल्या टप्प्यातला, म्हणजे तुलनेने आडोशाचा होता. अफरवटचं वरचं स्थानक तर उघड्या धारेवर आहे.

कमी बर्फात आणखी एक अडचण येते. मैदानात बर्फ नसला की तो बघायला आलेली सगळी गर्दी वर चढते. एरवी खालीच घसरगुंडी खेळून परत जाणारी कुटुंबंही दुसऱ्या टप्प्याच्या रांगेत असतात. स्कीयरच्या दृष्टीने सकाळचा पहिला तास सोन्याचा, म्हणून रांगेत लवकर उभं राहावं. शिवाय अशा वर्षी परतीची रांगही धरावी लागते, कारण खालपर्यंत स्की करत येता येत नाही. शेवटचा पाळणा कोंगदूरीहून किती वाजता सुटतो हे सकाळीच विचारून घ्यावं आणि त्याआधी निदान तासभर तिथे पोहोचावं. तो चुकला की काळोखात ओल्या चिखलाच्या वाटेवरून, पाठीवर स्की आणि पायात स्कीबूट अशी चारशे मीटर उतराई नशिबी येते.

बर्फ कुठे असतो

अफरवटची गुलमर्गकडची बाजू मुख्यतः पूर्वेला तोंड करून आहे. तिच्यावर घळी आणि वाटीसारखे खोलगट उतार आहेत, ज्यांना इथे सगळे बाऊलच म्हणतात. वारा धारेवरचा बर्फ खरवडून आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. त्यामुळे कमी बर्फात चित्र पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं: सोंडांवर उघडा कातळ आणि घसारा, तर शंभर पावलांवरच्या घळीत कमरेइतका बर्फ. सह्याद्रीत फिरणाऱ्याला सोंड आणि घळ यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही. इथे तोच फरक बर्फाच्या खोलीत मोजायचा.

किती बर्फ पुरेसा, याचं एक उत्तर नाही, कारण ते खाली काय आहे त्यावर ठरतं. खिलनमर्गसारख्या गवताळ कुरणावर बसलेला २५-३० सेंटिमीटर बर्फ स्कीला पुरतो. खाली मऊ गवत आहे, स्की टेकली तरी ओरखडा येत नाही. वरच्या दगडधोंड्यांच्या उतारावर ८०-१०० सेंटिमीटरशिवाय वेगात वळणं घेऊ नयेत. ताज्या, भुसभुशीत बर्फाची खोली यात मोजायची नाही. ४० सेंटिमीटर ताजा बर्फ स्कीखाली दबला की बोटभर उरतो आणि दगड जिथल्या तिथे असतो. चढताना दर वीस-तीस पावलांनी काठी उलटी करून, मुठीच्या बाजूने, खाली खुपसून बघावी. खट्ट आवाज आला तर दगड, बोथट थांबली तर माती. दहा मिनिटांत उतरायच्या वाटेचा नकाशा डोक्यात तयार होतो. बॅककंट्रीत चढायच्या वाटेनेच उतरावं हा सल्ला एरवी कंटाळवाणा वाटतो, पण पातळ बर्फात त्याला तोड नाही.

झाकलेले दगड ओळखता येतात. बर्फाचा पृष्ठभाग सपाट असताना मध्येच पावासारखा फुगवटा दिसला, आणि त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला छोटा खळगा असला, तर खाली दगड आहे. उन्हात दगडावरचा पातळ बर्फ आधी करडा पडतो. सकाळच्या तिरप्या उजेडात हे स्पष्ट दिसतं; ढगाळ, सपाट उजेडात काहीच दिसत नाही, आणि तसा दिवस वरच्या उतारांवर घालवू नये.

कमी बर्फात बाबारेशी, द्रंग आणि टंगमर्गकडच्या जंगलांचा मोह टाळावा. टंगमर्ग गुलमर्गच्या खाली, मोटारीने तेरा किलोमीटरवर आहे आणि उंचीने बराच कमी. तिथे बर्फ आधी वितळतो, पडलेली झाडं आणि ओढे उघडे पडतात. ओंडक्याखाली स्कीचं टोक अडकलं की गुडघा जातो. अफरवटच्या मागच्या बाजूला तर कोणत्याच वर्षी उतरायचं नाही. तिकडे नियंत्रण रेषा आहे.

पातळ बर्फ म्हणजे सुरक्षित बर्फ नव्हे

या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. ‘बर्फच नाही, तर हिमस्खलन कुठून येणार?’ असं वाटणं साहजिक आहे. भौतिकशास्त्र उलटं सांगतं.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे बारापर्यंत सहज जातो. बर्फाचा थर दीड मीटर असेल तर बारा अंशांचा हा फरक १५० सेंटिमीटरमध्ये विभागला जातो: दर दहा सेंटिमीटरला ०.८ अंश. थर चाळीस सेंटिमीटरचा असेल तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंश. हा आकडा एक अंशाच्या वर गेला की खालच्या उबदार बर्फातली वाफ वर सरकते आणि गोल दाण्यांचे धारदार, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक होऊ लागतात. कोरडे आठवडे जितके जास्त, तितका हा थर जाड आणि दुबळा.

हातात घेतल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून कसं दिसतं ते सांगतो. तळाचा बर्फ मुठीत दाबला तर गोळा होत नाही. जाड साखरेसारखा बोटांच्या फटींतून गळतो. मोज्यावर घेऊन भिंगाखाली धरला तर तीन-चार मिलिमीटरचे, पायऱ्यापायऱ्यांचे, उलट्या पेल्यासारखे स्फटिक दिसतात. उन्हात ते लखलखतात. त्यावर चालताना कधी पायाखालचा सगळा थर एकदम खचतो आणि ‘व्हुम्फ’ असा पोकळ आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की त्या दिवशी तीस अंशांहून उभ्या उतारावर पाऊल टाकायचं नाही, आणि अशा उताराच्या खालूनही जायचं नाही.

खरा धोका बर्फ नसताना कमीच असतो. कोरड्या काळानंतर पहिला मोठा बर्फ पडतो तेव्हा तो येतो. साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं. जानेवारी २०२४ कोरडा गेला, महिनाअखेरीपासून बर्फ येऊ लागला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या भागात हिमस्खलनात एका रशियन स्कीयरचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, हपतखुड भागात पोलंडचे दोन स्कीयर गेले. महिनाभर वाट पाहिलेला बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या अंगात येतं. त्या वेळी किमान दोन-तीन दिवस कमी उताराच्या कुरणांवर काढावेत. दुबळा थर जमिनीलगत असला तर दोन-तीन दिवसांनीही तो सुधारत नाही. आठवडे तसाच राहतो. बर्फ नसलेल्या महिन्याचा हिशेब असा पुढच्या महिन्यात चुकवावा लागतो.

पातळ बर्फाचा एक फायदा मात्र घ्यावा: जमिनीपर्यंत खड्डा खणायला दहा मिनिटं पुरतात. तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब मोकळा करून त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं. मनगटातून दहा टिचक्या, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब मनगटाच्या टिचक्यांतच कापल्यासारखा सरकला तर उत्तर मिळालं. तो सरकला नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, कारण पातळ बर्फात दहा पावलांवर खोली वेगळी असते. चाचणीचा उपयोग ‘नाही’ म्हणायला होतो, ‘हो’ म्हणायला नाही.

याच बाबतीत गुलमर्गची सेवा कौतुकाची आहे. इथे स्की पेट्रोल आहे, ते बाऊल तपासतं, धोक्याच्या पातळीची माहिती देतं आणि कोणता भाग उघडा, कोणता बंद ते ठरवतं. भारतात इतर कुठल्या स्की उतारांवर ही सोय इतक्या सरावाची नाही. रोज सकाळी वर जाण्याआधी ती माहिती वाचावी. ‘बंद’ लिहिलेल्या दोरीच्या पलीकडे जाणाऱ्यामुळे त्याला शोधायला जाणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो. स्थानिक गाइड घ्यावाच. घेताना एकच प्रश्न विचारावा: ‘गेल्या दहा दिवसांत तळाच्या थराचं काय झालंय?’ ज्याला उत्तर येतं त्याच्याबरोबर जावं.

सामान: भाड्याचं आणि स्वतःचं

कमी बर्फाच्या वर्षी नवी, महागडी स्की घेऊन येऊ नये. जुनी, तळ जाड असलेली स्की, मधली रुंदी ९५ ते १०५ मिलिमीटर. ताज्या बर्फासाठीची ११५ मिलिमीटरची रुंद स्की कडक, वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फावर तिरक्या चालीत घोट्याला पिळते आणि कड धरत नाही.

गुलमर्गमध्ये स्की भाड्याने मिळतात. घेताना चार गोष्टी हातात घेऊन बघाव्यात. कड नखाने चाचपावी. ती एखाद्या ठिकाणी तळापासून सुटलेली असेल तर ती स्की नको. तळावर बोट फिरवावं. लाकडी गाभा दिसेल इतकी खोल जखम असेल तर नको. स्किन्स त्याच स्कीच्या मापाच्या आहेत ना, तेही पाहावं. दोन्ही बाजूंना पोलादी कड दोन मिलिमीटर उघडी राहायला हवी; स्किनने कड झाकली तर कडक उतारावर पकडच मिळत नाही. आणि पैसे देण्याआधी तोंडावर ठरवून घ्यावं: दगडाचा ओरखडा हे नुकसान धरणार का? दोन्ही तळांचे फोटो दुकानदारासमोर काढावेत. कोरड्या वर्षी ओरखडा येणारच, त्यावरून संध्याकाळी वाद नको.

टेक बाइंडिंगबद्दल, म्हणजे चढाईसाठी टाच मोकळी सोडणाऱ्या, बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दल, एक सवय घट्ट करावी. चढताना पुढचा खटका कुलूपबंद करतो. उतरायच्या आधी तो उघडला की नाही हे एकमेकांचं तपासावं. कुलूप तसंच राहिलं तर दगडाला स्की अडकूनही बाइंडिंग सुटत नाही आणि सगळा जोर नडगीच्या हाडावर येतो. भरल्या वर्षी ही चूक एखाद्या वेळी पचून जाते, दगडांत पचत नाही.

स्किन्सचं आयुष्य कमी बर्फात निम्म्यावर येतं. बर्फाचे पट्टे तुटक असतील तर ‘दहाच पावलं आहेत’ म्हणून स्किन्स लावलेली स्की मुरुमावरून चालवू नये. स्की काढून हातात घ्यावी. वाळकं गवत गोंदावर बसलं की स्किन शेपटाकडून सुटायला लागते. त्यासाठी खिशात दोन-तीन लवचीक पट्टे ठेवावेत. शेपटाजवळ एक पट्टा आवळला की दिवस निभावतो. नायलॉन किंवा मिश्र धाग्याची स्किन शुद्ध मोहेरपेक्षा (अंगोरा बोकडाच्या केसांपेक्षा) घासणं जास्त सोसते, म्हणून या मोसमाला तीच बरी. दुपारी ऊन लागलेल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात शिरताना धाग्यांत गोळे साचतात. निघण्याआधी स्किनला मेण चोळलेलं असलं तर ते टळतं.

स्की क्रॅम्पॉन, म्हणजे बाइंडिंगखाली बसणारी दातेरी पट्टी, भरल्या वर्षी बॅगेच्या तळाशी राहते. कोरड्या वर्षी ती रोज लागते, कारण जुना बर्फ दिवसा वितळून रात्री काचेसारखा गोठतो. पट्टीची रुंदी स्कीच्या रुंदीची आणि बसणी बाइंडिंगच्या कंपनीची असावी लागते. गुलमर्गमध्ये ती आयत्या वेळी मिळेल असं धरून चालू नये.

आता दुरुस्ती. दगडाने तळ फाटलाच, तर त्याच रात्री हॉटेलवर पुढचं काम करावं. आधी स्की खोलीत आणून पूर्ण वाळू द्यावी. ओल्या गाभ्यावर काहीही चिकटत नाही. जखमेच्या कडेची लोंबती सालं धारदार पात्याने कापावीत. स्पिरिटने पुसावं. मग पीटेक्सची (तळाची जखम भरायच्या प्लॅस्टिकची) कांडी पेटवून ज्योत लहान ठेवावी, थेंब तळाच्या अगदी जवळून सोडावेत. ज्योत मोठी झाली की काजळी मिसळते आणि भराव ठिसूळ होतो. काजळीचे पहिले थेंब पत्र्यावर पाडून टाकावेत. जखम किंचित वर येईल इतकी भरावी, पूर्ण थंड झाल्यावर धातूच्या स्क्रेपरने शेपटाच्या दिशेने तासावी, वर मेण. जखम कडेला लागून असेल तर पीटेक्स पोलादाला धरत नाही, दोन वळणांत निघून येतं. तिथे इपॉक्सी वापरावं आणि ते उबदार खोलीत रात्रभर ठेवावं. ‘पाच मिनिटांत’ घट्ट होणारं इपॉक्सी शून्याखाली तासाभरातही घट्ट होत नाही, म्हणून डोंगरावर त्याचा भरवसा धरू नये.

कडेच्या बाबतीत बहुतेक जण उलट क्रमाने काम करतात. दगड घासला की तिथलं पोलाद तापून, दबून आणखी कठीण होतं. त्यावर सरळ कानस चालवली तर ती नुसती घसरते आणि तिचे दात जातात. आधी ओल्या डायमंड स्टोनने तो कठीण बुरा काढायचा, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत, कानस त्यानंतर.

बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब कांडी) आणि फावडं यांत तडजोड नाही. बीकन तीन अँटेनांचा डिजिटल, प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा, फावडं धातूच्या पात्याचं. भाड्याचा बीकन घेतला तर नव्या अल्कलाइन बॅटऱ्या स्वतः घालाव्यात. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली, नंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे शोधणारे फक्त सोबतचेच. ज्या दिवशी वारा सुटल्यामुळे काहीच चालू नाही, त्या दिवशी कुरणावर बीकन पिशवीत घालून पुरावा आणि घड्याळ लावून शोधावा. एअरबॅगवर, म्हणजे हिमस्खलनात फुगणाऱ्या पाठपिशवीवर, पातळ बर्फात जास्त भिस्त ठेवू नये. ती माणसाला वर ठेवते, पण कातळावर आपटण्यापासून वाचवत नाही, आणि दुबळ्या वर्षी कातळ उघडेच असतात.

पुण्या-मुंबईहून आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी

मुंबईहून सकाळी विमानाने श्रीनगर, संध्याकाळी गुलमर्ग आणि दुसऱ्या दिवशी ३,९५० मीटर: हा आराखडा डोकेदुखीचा आहे. पहिल्या दोन रात्री गुलमर्गलाच काढाव्यात आणि पहिला दिवस कोंगदूरीच्या वर जाऊ नये. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. अमेरिका-युरोपातून येणाऱ्या मराठी स्कीयर मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: तिकडे डोंगरात सर्रास वापरलं जाणारं सॅटेलाइट मेसेजचं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदेशीर आहे. सुरक्षिततेसाठी आणलेलं यंत्र विमानतळावरच अडचणीत टाकू शकतं. ते घरी ठेवावं.

तारखा निवडायची मुभा असेल तर डिसेंबर-जानेवारी सोडून फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य धरावा. तोवर वरच्या उतारांवर जे साचायचं ते साचलेलं असतं, आणि नवा बर्फ नसला तरी मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठणाऱ्या जुन्या बर्फावर वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर मऊ होतो तेव्हा स्की सुरेख चालते. पूर्वेच्या उतारांना ऊन आधी लागतं, म्हणून ही वेळ सकाळी लवकर येते आणि लवकर संपते. बूट घोट्यापर्यंत रुतू लागले की दिवस संपला; ओला बर्फ दुपारी घसरतो. गुलमर्ग कोरडं असताना सोनमर्गचाही विचार करावा. १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात तिकडे पोहोचणं सोपं झालं. मात्र तिथे असा गोंडोला नाही, वरचे उतार कोणी तपासून देत नाही. सगळी चढाई आणि सगळे निर्णय स्वतःचे.

घरी परतल्यावर स्की माळ्यावर टाकण्याआधी एक काम उरतं, आणि आपल्याकडच्या हवेत ते टाळता येत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दगडाने घासलेली उघडी कड आठ दिवसांत तांबडी होते. कडा वाळवून, डायमंड स्टोनने गंज-बुरा काढून, तळावर आणि दोन्ही कडांवर जाड मेण ओतावं आणि ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत खरवडू नये. स्किन्स जाळीच्या कापडावर चिकटवून, कोरड्या पिशवीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. माळ्यावरच्या उकाड्यात गोंद वितळून कापडात उतरतो. बुटांचे आतले अस्तर काढून वाळवावेत, बकल सैल लावावेत. बीकनच्या बॅटऱ्या त्याच दिवशी काढून टाकाव्यात. गळलेली एक बॅटरी आतले संपर्क खाऊन टाकते, आणि हे कळतं ते पुढच्या वर्षी गुलमर्गच्या खोलीत, निघायच्या सकाळी.